अकॅडमीची फी भरण्याआधी चार संध्याकाळी मैदानावर काढा

पुणे-नाशिक महामार्गाने निघालं, की मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा अशा प्रत्येक गावात शिकवण्यांच्या फलकांशेजारी आता स्पोर्ट्स अकॅडमीचा फलक दिसतो. कुठे क्रिकेट, कुठे कबड्डी, कुठे कराटे, तर कुठे तासावर भाड्याने मिळणारं टर्फ. जुन्नर-आंबेगावला खेळाचं वेड नवं नाही. यात्रेतला कुस्त्यांचा हगामा, गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धा, शाळेच्या मैदानावरची कबड्डी आणि खो-खो यांवर इथल्या पिढ्या वाढल्या. नवं आहे ते असं, की खेळ शिकायलाही शिक्षक लागतो आणि त्याला फी द्यावी लागते, हे शेतकरी घरांनी मनापासून स्वीकारलंय. २००८ मध्ये आयपीएल आली, २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली, आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. त्यानंतर 'माझ्या मुलीला घ्याल का' असं विचारायला येणाऱ्या आईबापांना कुणी वेड्यात काढत नाही.

मला या बदलाचा आनंद आहे. मोबाइलमध्ये बुडालेलं पोर मैदानावर घाम गाळतंय, यासारखं सुख नाही. पण अकॅडमी काढायला आज एक मोकळी जागा, एक जाळी आणि एक फलक पुरतो. त्यामुळे पोराला कुठे घालायचं, किती वर्षांचं झाल्यावर घालायचं आणि तिथे काय पाहायचं, हे पालकांनी स्वतः शिकून घेतलं पाहिजे. हा लेख त्यासाठीच आहे.

सगळ्यात आधी घरात बसून एक गोष्ट ठरवा. मुलाला खेळाडू व्हायचंय, तब्येत कमवायचीय, की भरती व्हायचंय? आपल्याकडे 'अकॅडमी' म्हटलं, की यातलं काहीही असू शकतं. भरती अकॅडमीचं काम वेगळं आहे. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर धावणं आणि गोळाफेक, अशी ५० गुणांची परीक्षा असते. अग्निवीरसाठी १.६ किलोमीटरची दौड असते. या ठरलेल्या चाचण्यांसाठी शरीर तयार करून घेणं हे भरती अकॅडमीचं काम, आणि ते ती चांगलं करू शकते. पण अग्निवीरला साडेसतरा आणि पोलीस भरतीला अठरा वर्षं पूर्ण असावी लागतात. तेरा-चौदा वर्षांच्या पोराला तिथे घालून रोज पहाटे डांबरी रस्त्यावर पळवण्यात काही मिळत नाही, उलट नडग्या आणि गुडघे बिघडतात. भरतीचं वय येईपर्यंत त्याला कुठलाही खेळ खेळू द्या. पळणं त्यातच होतं.

आता अकॅडमीकडे वळू. फलकावरच्या फोटोंवर, भिंतीवरच्या ट्रॉफ्यांवर आणि इन्स्टाग्रामवरच्या रीळवर निर्णय घेऊ नका. सलग चार संध्याकाळी न सांगता जाऊन मैदानाच्या कडेला बसा. ज्या ठिकाणी पालकांना बसू देत नाहीत, तिथून तसंच परत या.

बसल्यावर काय पाहायचं? पहिल्यांदा सरांकडे पाहा, पोरांकडे नंतर. सर वेळेवर येतात का, की तासभर एखादा मोठा मुलगाच छोट्यांना पळवत असतो? सरांना पोरांची नावं येतात का? मग साधं गणित करा. दीड तासाचा सराव, दोन नेट आणि तीस पोरं असतील, तर एका पोराच्या वाट्याला फलंदाजीची सहा मिनिटं येतात. उरलेल्या वेळात ते काय करतं? चांगल्या ठिकाणी ते झेल घेतं, थ्रो करतं, धावा पळण्याचा सराव करतं. वाईट ठिकाणी ते रांगेत उभं राहून माती उकरतं. फी तेवढीच असते.

शिकवणं कसं असतं, हे एका उदाहरणाने सांगतो. कबड्डीत घोट्याची पकड शिकवायची असते. घाई झालेले सर सांगतात, 'धर पाय, सोडू नको.' जाणकार सर आधी स्वतः गुडघ्यावर बसतात. मुलीचा हात घोट्यामागे कुठे बसला पाहिजे हे तिला दाखवतात. तिचं डोकं दोन्ही हातांनी हलकेच बाजूला वळवतात आणि सांगतात, की चढाई करणारीच्या गुडघ्यासमोर डोकं कधीही येऊ द्यायचं नाही. मग तीच हालचाल चालत, मग हळू पळत, मग पूर्ण वेगाने. पहिल्या दिवशी प्रतिस्पर्धी पाय झटकत नाही, नुसता उभा राहतो. वीस मिनिटं एकाच पकडीवर जातात आणि बघणाऱ्याला ते कंटाळवाणं वाटतं. पण या वीस मिनिटांमुळेच पुढे ती मुलगी डोक्याला मार न लागता दहा वर्षं खेळते. हे पाहायला मिळालं, तर मॅट जुनी असली आणि शेडचे पत्रे गळत असले तरी चालेल, तिथेच नाव घाला.

सरांची पात्रता विचारायला संकोच करू नका. पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका असेल तर उत्तम. लोक तिला 'एनआयएस' म्हणतात. तिचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही असतो, तेव्हा दोन्हींतलं नेमकं काय केलंय ते विचारा. क्रिकेटमध्ये बीसीसीआयच्या प्रशिक्षकांच्या लेव्हल्स असतात. बीपीएड, एमपीएड झालेले शारीरिक शिक्षणाचे शिक्षक लहान मुलांसाठी पुष्कळदा सर्वांत चांगले, कारण त्यांना वाढत्या वयाचा अभ्यास असतो. तालमीतल्या वस्तादांकडे कागद नसेल, पण त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं कुठे आहेत ते सांगणारे गावात दहा जण भेटतील. तोही दाखलाच आहे. स्वतः राज्य पातळीवर खेळलेला माणूस चांगला शिकवेलच असं मात्र नाही.

आणि कान उघडे ठेवा. चूक झाल्यावर सर काय बोलतात? आईबहिणीवरून शिवी, सगळ्यांसमोर टोमणा, शिक्षा म्हणून उन्हात फेऱ्या, ही शिस्त नव्हे. आपल्या पिढीने मार खाल्ला म्हणून पोरांनीही खावा, असं म्हणणाऱ्या पालकांना माझी हात जोडून विनंती आहे की तो हट्ट सोडा. भीतीने खेळणारं पोर चेंडू सोडून सरांच्या चेहऱ्याकडे बघत असतं.

वयाबद्दल. पाच-सहा वर्षांच्या मुलाला एकाच खेळाच्या अकॅडमीत रोज दोन तास घालण्याची गरज नाही. त्या वयात पळणं, उड्या, पोहणं, झाडावर चढणं, पकडापकडी यांतून जे अंग घडतं, ते कुठल्याही फीने मिळत नाही. बारा-तेरापर्यंत दोन-तीन खेळ खेळू द्या. एकाच खेळाला पूर्ण वाहून घेणं बहुतेक खेळांत पंधराच्या आसपास सुरू केलं तरी उशीर होत नाही. जिम्नॅस्टिक्ससारखे मोजके खेळ याला अपवाद. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे धावपटू म्हणून घडला तो सैन्यात गेल्यावर, विशी ओलांडल्यानंतर. आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ३००० मीटर स्टीपलचेसचं रौप्य आणलं.

सराव किती असावा, याचा क्रीडावैद्यकातला एक सोपा दंडक लक्षात ठेवा. मुलाचं जेवढं वय, आठवड्याला जास्तीत जास्त तेवढे तास. दहा वर्षांच्या मुलाला दहा तास, चौदा वर्षांच्याला चौदा. त्यात अकॅडमी, शाळेचा संघ आणि रविवारची स्पर्धा सगळं धरा. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी, आणि वर्षातून काही आठवडे त्या खेळापासून लांब. सकाळ-संध्याकाळ मिळून रोज पाच तास सराव, असं अभिमानाने सांगणाऱ्या अकॅडमीला आपलं बारा वर्षांचं पोर देऊ नका.

उंची झपाट्याने वाढते त्या वर्ष-दोन वर्षांत गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखतं, गाठीसारखा उंचवटा येतो. हाडाच्या वाढत्या टोकावर स्नायूचा ताण पडल्यामुळे हे होतं. सराव कमी केला की बहुतेकांचं बरं होतं. पण 'खेळता खेळता जाईल' म्हणून रेटलं, तर महिनोन्महिने लंगडत बसावं लागतं. वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलाची कंबर एका बाजूला आणि मागे वाकताना दुखत असेल, तर लगेच थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. वाढत्या वयात जास्त षटकं टाकल्याने मणक्याच्या हाडाला सूक्ष्म भेग जाते. आपल्या गावच्या स्पर्धांत एकच उंचापुरा पोरगा शनिवारी-रविवारी चार सामने टाकतो, आणि गाव त्याला खांद्यावर घेतं. त्याच्या षटकांची नोंद मात्र कुणी ठेवत नाही. ती वही बापाने ठेवावी.

खाण्याचं फार अवघड नाही, कारण आपल्या पट्ट्यात दूध आहे, अंडी आहेत, शेंगदाणे आहेत, मटकी-हुलगे आहेत. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण ४५ ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम, मोठ्या पेलाभर दुधात आठ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यात सात-आठ ग्रॅम. बाजरीची भाकरी, उसळ, दूध आणि दोन अंडी यांत हिशेब जवळजवळ पुरा होतो. खेळणाऱ्याला थोडं जास्त लागेल, ते एका वाटी उसळीने भागतं. डब्यातली पावडर सरांकडूनच घ्यावी लागेल अशी सक्ती असेल, तर तो व्यापार समजा. कुठलंही इंजेक्शन किंवा 'स्टॅमिन्याची गोळी' दिसली, तर पोराला त्याच दिवशी घरी आणा. बंदी असलेलं द्रव्य चाचणीत सापडलं, तर शिक्षा खेळाडूला होते, मग ते कुणीही दिलेलं असो. मुलींचं हिमोग्लोबिन वर्षातून एकदा तपासा. देशात पंधरा ते एकोणीस वयाच्या निम्म्याहून जास्त मुलींना रक्तक्षय आहे, आणि पोरगी दमते ती आळसामुळे, असा समज करून आपण मोकळे होतो.

आता आपल्या भागापुरतं महत्त्वाचं: बिबट्या. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके जुन्नर वनविभागात येतात. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, आणि उसात वाढलेले बिबटे इथे घरादारापर्यंत येतात, हे कुणाला सांगायला नको. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ऊसतोड सुरू झाली की ते इकडे-तिकडे हलतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत सहाच्या सुमाराला अंधार पडतो. सरावाची वेळ ठरवताना याचा विचार अकॅडमीने केलाच पाहिजे. हिवाळ्यात सराव साडेपाचला संपवा, म्हणजे वाडीवरचं पोर उजेडात घरी पोहोचेल. पहाटे अंधारात उसाच्या कडेने एकट्या पोराला पळायला पाठवू नका. एका वाडीची मुलं एकत्र येतील-जातील अशी पालकांनी आपसात सोय लावा. मैदानाला लागून ऊस असेल, तर चेंडू आणायला आत कुणी जायचं नाही, हा नियम सरांनी पहिल्या दिवशी सांगावा. चेंडू गेला तर गेला.

मुलींच्या बाबतीत एसटी हा निम्मा प्रश्न आहे. बारावीपर्यंतच्या मुलींना शाळेसाठी पास मोफत मिळतो, पण सराव संपेपर्यंत शेवटची सोयीची गाडी गेलेली असते. म्हणून वेळ ठरवताना अकॅडमीला एसटीचं वेळापत्रक दाखवा आणि त्याप्रमाणे बॅच मागा. आठ-दहा पालक एकत्र बोलले तर बॅच मिळते. मैदानाजवळ मुलींसाठी स्वच्छ, कडी लागणारं स्वच्छतागृह आहे का, कपडे बदलायला जागा आहे का, महिला प्रशिक्षक किंवा निदान एखादी जबाबदार बाई सरावाला हजर असते का, हे स्वतः जाऊन पाहा. बाहेरगावी स्पर्धेला संघ जाताना सोबत बाई नसेल, तर मुलीला पाठवायचं नाही, इतकं स्पष्ट सांगा.

मुलगा असो की मुलगी, सरांबरोबर एकट्याने खोलीत मसाज, रात्री उशिरा मेसेज, 'हे घरी सांगू नको' अशी बोलणी, यांतलं काहीही कळलं तर गप्प बसू नका. लहान मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे आणि अशी घटना कळल्यावर पोलिसांना कळवणं त्यात बंधनकारक आहे. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी चोवीस तास चालू असते. निवासी अकॅडमी असेल, तर रात्री तिथे कोण राहतं, खोलीत किती पोरं झोपतात, आजारी पडल्यावर कुणाकडे नेतात, आणि घरी फोन कधीही करता येतो का, हे विचारल्याशिवाय पेटी उचलू नका. दहावीच्या आत निवासी ठेवायची घाई मला तरी पटत नाही.

कागदपत्रांचं बोलू. शासनाच्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात आणि तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत जातात. मूल ज्या शाळेत शिकतं, त्या शाळेकडूनच उतरतं. म्हणजे अकॅडमी कितीही मोठी असली, तरी शाळेतल्या क्रीडाशिक्षकांशी संबंध ठेवावाच लागतो. जन्मतारखेचा दाखला, आधार आणि शाळेची नोंद यांत एकच तारीख आहे का ते आत्ताच बघा. वय कमी दाखवण्याच्या वाटेला जाऊ नका. क्रिकेट मंडळ मनगटाच्या हाडाचा एक्स-रे काढून वय तपासतं, आणि एकदा शिक्का बसला की पोराची हकनाक वर्षं जातात.

खासगी आयोजकांच्या 'राष्ट्रीय' आणि 'आंतरराष्ट्रीय' स्पर्धांबद्दल विशेष सावध राहा. हजारो रुपये प्रवेश फी, चार सामने, सगळ्यांना पदक. सहल म्हणून जायचं तर जा. पण महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, आणि त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संघटनेच्या किंवा शासनाच्या ठरलेल्या स्पर्धेतलंच चालतं. क्रीडा विभागाचे विभागीय उपसंचालक ते पडताळून पाहतात. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात उघडकीस आली आहेत आणि ती देणाऱ्यांबरोबर घेणारेही अडकले आहेत. स्पर्धेची फी भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात एक फोन करून विचारा, की हे प्रमाणपत्र कुठे धरलं जातं का.

आणि आता ज्याची चर्चा गावात सर्वांत कमी होते ते. चांगलं प्रशिक्षण फुकटही मिळतं. राज्य शासनाची क्रीडा प्रबोधिनी मुलांना राहणं, जेवण, शिक्षण आणि प्रशिक्षण मोफत देते. लहान वयातल्या मुलांची उंची-वजन, ३० मीटर आणि ८०० मीटर धावणं, शटल रन, मेडिसिन बॉल फेक, उभी उडी अशा चाचण्यांवर निवड होते. त्यासाठी आधी एखादा खेळ येत असावा लागतोच असं नाही, अंगात गुण असावा लागतो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २००९ मध्ये याच प्रबोधिनीत दाखल झाला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं कांस्यपदक घेऊन आला. पुण्यातलीच लष्कराची आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आठ ते चौदा वयाच्या मुलांना बॉइज स्पोर्ट्स कंपनीत घेते, तिथेही खर्च लष्कर करतं. खेलो इंडियात निवडलेल्या खेळाडूला महिन्याला १० हजार रुपये भत्ता मिळतो. या निवड चाचण्यांच्या जाहिराती वर्तमानपत्रांत कोपऱ्यात येतात आणि मुदत संपल्यावर आपल्याला कळतात. क्रीडाशिक्षकांनी या तारखा शाळेच्या फळ्यावर लिहिल्या, तर मोठं काम होईल.

हे मी विशेष करून पश्चिमेकडच्या गावांसाठी लिहितोय. अकॅडम्या आहेत महामार्गाच्या कडेला, बागायती पट्ट्यात. डिंभ्याच्या वरच्या अंगाला, आहुप्याकडे, नाणेघाटाच्या वाटेवर ज्या आदिवासी वाड्या आहेत, तिथली पोरं रोज डोंगर चढून-उतरून शाळेत जातात. लांब पल्ल्याच्या धावण्यासाठी लागणारी छाती त्यांच्याकडे आहे, आणि त्यांच्यापर्यंत एकही अकॅडमी पोहोचलेली नाही, कारण तिथे फी भरणारा पालक नाही. शेजारच्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याचा हर्षवर्धन सदगीर पुण्यात काका पवारांच्या तालमीत घडला आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्र केसरी झाला. अशा गावांत पोरं आहेत, हे त्याने दाखवलंय. घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे आश्रमशाळा आहेत, त्यांच्या क्रीडास्पर्धाही होतात. नारायणगाव-मंचरच्या अकॅडमीचालकांनी तिथे जाऊन पोरं पाहावीत आणि प्रत्येकाने दोन-तीन जागा मोफत ठेवाव्यात. ज्यांच्या नावावर पुढे अकॅडमी ओळखली जाईल, ती पोरं तिथेच मिळतील.

पैशांबाबत थोडक्यात. वर्षाची फी एकदम भरू नका, पहिले तीन महिने महिन्याने द्या आणि पावती घ्या. मूल सोडून गेलं तर पैसे परत मिळतील का, हे आधी विचारा. महागडं किट पहिल्या दिवशी नको. मात्र सीझन बॉलने खेळायचं तर हेल्मेट आणि गार्ड यांत काटकसर चालणार नाही. कृत्रिम टर्फ उन्हाळ्यात गवतापेक्षा कितीतरी जास्त तापतं, एप्रिल-मेमध्ये दुपारची बॅच घेऊ नका. मैदानावर प्रथमोपचाराची पेटी, बर्फ आणि १०८ ला फोन करून रस्ता सांगू शकेल असं एक मोठं माणूस हवंच.

दहावीचं वर्ष आलं की अर्धे पालक खेळ बंद करतात. पूर्ण बंद करू नका, आठवड्यातले दिवस कमी करा. खेळाडूंना दहावी-बारावीला वाढीव गुणांची सवलत आहे. तिचा प्रस्ताव शाळेमार्फत मुदतीत गेला पाहिजे, हे वर्गशिक्षकांना आठवण करून द्या.

नवीन बॅचेस साधारणपणे जूनमध्ये, शाळांबरोबर सुरू होतात. त्याआधी, मेच्या सुट्टीत, मुलाला सोबत घेऊन जवळच्या दोन-तीन मैदानांवर जा, सरांशी बोला, तिथल्या जुन्या पालकांना विचारा. परत येताना मुलाला विचारा, 'उद्या परत यायचं का?' आणि ते जे सांगेल ते ऐका.